कोन बसतो, कप फसवतो: जुन्या जीप-पिकअपचे पुढचे हब बदलताना

ज्या पिकअपवर हे काम केले ती महिंद्राच्या जुन्या सीजे जातीच्या चॅसीवर उभी आहे. मागे लोखंडी हौदा. मूळचे १६ इंची अरुंद रिम जाऊन १५ इंची, आठ इंच रुंद रिम आलेले आणि टायर त्याच मानाने जाड. पुढचा ॲक्सल मात्र अमेरिकन विलीस जीपच्याच वंशातला: बंद गोळ्याची नकल (चाक वळवणारा सांधा), ड्रम ब्रेक आणि हबच्या (चाकाच्या मधल्या फिरत्या भागाच्या) तोंडावर सहा बोल्टांची ड्राइव्ह फ्लँज, जी शाफ्टला चाकाशी कायमची जोडते. महिंद्राने १९४० च्या दशकाअखेर मुंबईत विलीस जीप जुळवायला सुरुवात केली आणि पुढे कितीतरी वर्षे हीच मांडणी थोड्याफार फरकाने चालत आली. त्यामुळे आपल्याकडे या गाड्यांचे सुटे भाग अजून भरपूर मिळतात. घोटाळाही तिथूनच सुरू होतो, कारण बाहेरून सारखे दिसणारे भाग वेगवेगळ्या काळातले निघतात.

काम असे होते: ड्रमचे हब काढून डिस्कचे हब, फ्लँजच्या जागी फ्री व्हील हब (डायल फिरवून शाफ्ट चाकापासून सोडवता येतो असा) आणि सगळे बेअरिंग नवे, म्हणजे रोलर असलेला कोन आणि तो ज्यात फिरतो तो हबात दाबून बसवलेला कप. बहुतेक चर्चा होते ती फ्री व्हील हबच्या डायलची. गाडी चालते ती मात्र कपाच्या बसणीवर आणि बेअरिंग दाबून धरणाऱ्या आतल्या नटाच्या ताणावर. आमचा तीन चतुर्थांश वेळ या दोन गोष्टींत गेला आणि तो तिथेच जायला हवा. नोंदणी असलेल्या गाडीत असा बदल करणार असाल तर मोटार वाहन कायदा, १९८८ चे कलम ५२ काय सांगते ते आरटीओत आधी विचारून घ्या.

रुंद रिमचा इथे थेट संबंध आहे. मूळ अरुंद रिमवर चाकाच्या भाराची रेषा साधारण आतल्या आणि बाहेरच्या बेअरिंगच्या मधून जाते, म्हणून दोघे भार वाटून घेतात. रिम बाहेर सरकला, किंवा मागे स्पेसर घातला, की ती रेषा बाहेरच्या बेअरिंगकडे जाते आणि तेच आधी मरते. जुने हब उघडल्यावर तेच दिसले. दोन्ही बाजूंचे आतले कप काळपट पण गुळगुळीत होते. बाहेरच्या कपांवर खालच्या अंगाला तांदळाच्या दाण्याएवढे टवके उडालेले होते.

आधी दोष नेमका कुठे आहे ते ठरवा. चाक घोडीवर उचलून १२ आणि ६ वर धरून हलवले की खडखड येते, पण ती हबची असेल किंवा किंगपिनची (नकल ज्यावर वळते ती खीळ). दुसऱ्या माणसाला ब्रेक दाबून धरायला सांगा आणि पुन्हा हलवा. खेळ गेला तर तो चाकाच्या बेअरिंगचा. तसाच राहिला तर किंगपिनचा, आणि तसे असेल तर नवे हब घालूनही स्टिअरिंग थरथरतच राहील. बंद गोळ्याच्या नकलमध्ये वर-खाली ११५९० कोन आणि ११५२० कप असतात. नकल उघडी असतानाच ते बघून घ्यावेत, नाहीतर हेच काम महिन्याने पुन्हा करावे लागते.

आता कप. या जुन्या हबात आत आणि बाहेर एकच बेअरिंग लागते: कोन १८५९०, कप १८५२०. आतला व्यास ४१.२७५ मिमी, बाहेरचा ७३.०२५. अमेरिकेत १९७७ नंतर डाना ३० ॲक्सलला जे डिस्कचे हब आले आणि त्यांच्या मापाने जे हब आज या बदलासाठी विकले जातात, त्यांत आत-बाहेर एलएम ५०१३४९ कोन आणि एलएम ५०१३१० कप बसतो. आतला व्यास तोच, ४१.२७५. बाहेरचा मात्र ७३.४३१. म्हणजे दोन्ही कोन एकाच स्टबवर (हब ज्यावर फिरतो तो पोकळ दांडा) सुखाने सरकतात आणि कपांत फरक आहे फक्त चार दशांश मिलिमीटरचा. काउंटरवर हातात धरून हा फरक कोणालाही दिसत नाही.

यातून तीन तऱ्हेच्या चुका होतात. मोठा कप जुन्या हबात जातच नाही, तेव्हा निदान माणूस थांबतो. छोटा कप नव्या हबात हाताने ढकलून बसतो, आणि "छान बसला" म्हणून काम पुढे जाते. तो पहिल्याच लांब चढाला हबाच्या आत फिरायला लागतो आणि हबाचे भोक खातो. तिसरी चूक सगळ्यांत वाईट, कारण ती आवाजही करत नाही: एका जातीचा कोन दुसऱ्या जातीच्या कपात. हातात घेतल्यावर तो बसल्यासारखा वाटतो, फिरतोही. पण रोलर पूर्ण लांबीने टेकत नाही, कडेच्या रेषेवर टेकतो, आणि काही शे किलोमीटरमध्ये त्या कडेवर निळी पट्टी उमटते. आम्हाला एका दुकानातून आलेल्या चार खोक्यांपैकी एकात अशी मिसळ निघाली. खोक्यावरचा नंबर बरोबर होता, आतल्या कपावर कोरलेला वेगळा. म्हणून नंबर खोक्यावरचा वाचू नका. कोनाच्या आणि कपाच्या तोंडावर कोरलेला वाचा, आणि वाचल्यावर कपाचा व्यास मायक्रोमीटरने मोजा. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर खरेदीला जाताना मायक्रोमीटर पिशवीत असावाच. तिथल्या चांगल्या दुकानदारांना याचे वाईट वाटत नाही.

या दोन बेअरिंगची जाडीही वेगळी आहे. १८५९० ची जोडी १६.६६७ मिमी, एलएम ५०१३४९ ची १९.५५८. एका हबात दोन जोड्या, म्हणजे पावणेसहा मिमीचा फरक. तो कुठेतरी निघतोच, बहुधा स्टबच्या आट्यांवर. बाहेरच्या नटाला पूर्ण आटे मिळत नाहीत आणि दोन आट्यांवर लटकलेला नट कितीही आवळला तरी भरवशाचा नसतो. हब आणि स्टब जोडीनेच घ्यावेत असे आम्ही म्हणतो ते यासाठी. नकलवरची सहा बोल्टांची मांडणी जुळते, पण स्टबच्या आतला पितळी बुश आणि त्यातून जाणारा शाफ्ट यांची मापे जुळतात का ते बघायलाच हवे. स्प्लाइनही (शाफ्टच्या टोकावरचे उभे दाते) मोजा. जुन्या विलीस जातीच्या शाफ्टला बाहेरच्या टोकाला १० स्प्लाइन असतात, पुढच्या काळातल्या सीजेच्या डाना ३० ला २७. फ्री व्हील हब या आकड्यावर मागवायचा असतो. गाडीच्या मॉडेलच्या नावावर मागवू नका, कारण मधल्या वर्षांत कोणी कुठला ॲक्सल बदलला हे कागदावर नसते.

खोलताना दोन ठिकाणी जपा. डाव्या बाजूच्या चाकाच्या नटांना उलटे आटे असू शकतात. ते उजवीकडे फिरवून सुटतात. पाइप लावून उलट्या दिशेने जोर केला की स्टड तुटतो. दुसरे, ड्रम हबला धरून ठेवणारे स्टड मागून ठोकून फुलवलेले असतात. ती फुललेली कड आधी कापून काढल्याशिवाय प्रेसखाली स्टड दाबला तर हबाच्या कानातले भोक मोठे होते आणि त्यात नवा स्टड कधीच घट्ट बसत नाही. जुना हब पुढे-मागे वापरायचा विचार असेल तर ही कड कापायला लागणारा अर्धा तास वाचवू नका.

फ्लँजचे सहा बोल्ट काढून, वाकवलेला टॅब वॉशर सरळ करून, बाहेरचा नट, वॉशर, आतला नट या क्रमाने सगळे सुटते. नट मोठा सहाकोनी असतो, त्याला स्वतंत्र बॉक्स पाना लागतो. छिन्नी-हातोड्याने तो सुटतो हे खरे. पण त्याच छिन्नीने तो बसवलाही जातो आणि मग ताण किती दिला हे कोणालाच कळत नाही. ज्या गाडीच्या नटाच्या कोपऱ्यांवर छिन्नीचे घाव दिसतात तिथले बेअरिंग आम्ही न उघडताच बाद धरतो. स्टबचे सहा बोल्ट काढल्यावर स्टब बाहेर येतो आणि त्यामागे शाफ्टही सरकू शकतो. आत बेंडिक्स जातीचा जॉइंट असेल तर शाफ्ट ओढताना त्याचे गोळे निखळून नकलमध्ये पडतात. शाफ्टला हात देऊन, तो जागेवर धरूनच स्टब काढा.

स्टब कधी ठेवायचा, कधी फेकायचा? कोन जिथे बसतो त्या दोन पट्ट्यांवरून नख फिरवा. कोन स्टबवर सरकता बसतो आणि वर्षानुवर्षे थोडा थोडा रांगतो, त्यामुळे हलके डाग चालतात. नख अडकेल अशी पायरी असेल किंवा पट्टी निळी पडली असेल तर स्टब बाद. वेल्डिंगचा थर चढवून पुन्हा लेथवर कापून दिलेले स्टब मिळतात. पुढच्या चाकाला ते आम्ही लावत नाही. स्टबच्या मुळाशी जिथे व्यास बदलतो तिथल्या गोलाईवरच सगळा वाक येतो आणि वेल्डिंगची उष्णता नेमकी तिथेच पोचते.

हबाच्या भोकाचे तसेच. कप आणि भोक यांत साधारण एक ते दोन थाउचा, म्हणजे ०.०२५ ते ०.०५ मिमीचा दाब हवा. भोक सैल असेल तर आपल्याकडे त्यात सेंटर पंचाने ठिपके मारायची पद्धत आहे. त्या दिवशी कप घट्ट बसतो. पण तो ठिपक्यांच्या टोकांवर उभा असतो. भार आला की टोके चपटी होतात, कप फिरू लागतो, आणि आता भोक गोलही राहिलेले नसते. सैल भोकाला बुश घालून बोअर करणे हाच उपाय आहे. तेवढे काम करणारा टर्नर नसेल तर दुसरा हब शोधा.

नवा कप बसवायला जुना कप हेच उत्तम हत्यार. ग्राइंडरने त्याचा बाहेरचा व्यास चारी बाजूंनी थोडा उतरवा आणि एक चीर पाडा, म्हणजे तो आत अडकत नाही. नवा कप रात्रभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि हब गरम पाण्यात किंवा हीट गनने हात लावता येणार नाही इतका तापवा. मग जुना कप उलटा वर ठेवून सरळ ठोका. ठोक्याचा आवाज आधी पोकळ असतो. कप खांद्यावर टेकला की तो बदलतो, भरीव आणि टणक होतो. एवढ्यावर विश्वास ठेवायचा नाही. हबच्या दुसऱ्या बाजूने कप आणि खांदा यांच्या फटीत सगळ्यांत पातळ फीलर (फट मोजायची पट्टी) चारही बाजूंनी घालून बघा. तो कुठेही जाता कामा नये. एका बाजूने दीड थाउ वर राहिलेला कप पहिल्या खड्ड्यांच्या रस्त्यावर खाली बसतो, आणि तुम्ही नीट लावलेला ताण तिथेच संपतो. "नवे बेअरिंग लगेच सैल झाले" ही तक्रार ऐकली की आमची पहिली शंका इथेच जाते.

ग्रीस लिथियम कॉम्प्लेक्स, २ नंबरचा, डिस्क ब्रेकच्या उष्णतेला टिकणारा. जुना ग्रीस रॉकेलने पूर्ण धुऊन, सुकवून मगच नवा. दोन जातींचे ग्रीस मिसळले की कधी कधी पातळ होऊन सीलमधून वाहतात. एअर गनने बेअरिंग वाळवताना कोन गरगर फिरवू नका. कोरडे रोलर तेवढ्यानेही ओरखडतात. ग्रीस तळहातावर घेऊन कोनाची रुंद बाजू त्यात दाबत राहायची, रोलरांच्या मधून वरच्या बाजूला तो शेवयांसारखा बाहेर येईपर्यंत, आणि मग कोन थोडा फिरवून पुन्हा. हबच्या पोकळीत कपांच्या आतल्या कडेइतकाच थर पुरतो. पोकळी गच्च भरली की उष्णतेने ग्रीस फुगतो, सील ढकलतो आणि थेट डिस्कवर येतो. दोन्ही हबांना अर्ध्या किलोचा डबा पुरून उरतो.

आता नट. हब चढवा, बाहेरचा कोन, मग आतला नट. हब हाताने सतत फिरवत नट ६८ न्यूटन मीटरपर्यंत, म्हणजे ५० फूट-पाउंडांपर्यंत आवळा. फिरवणे महत्त्वाचे, कारण रोलर सरळ होऊन कोनाच्या कडेला टेकायला त्यांना फेरे लागतात. न फिरवता आवळले तर टॉर्क पाना आकडा दाखवतो, पण बेअरिंग बसलेले नसते. मग नट सहाव्या हिश्शाचा फेरा मागे घ्या, म्हणजे सहाकोनी नटाची एक बाजू. वॉशर घाला, बाहेरचा नट त्याच ६८ वर आवळा. आणि इथे बहुतेक जण मोजायचे थांबतात. बाहेरचा नट आवळला की तो आतल्या नटाला आट्यांतल्या मोकळीकीइतका आत ढकलतो, म्हणून आधी मोजलेला खेळ आता उरलेला नसतो. डायल गेज हबला चिकटवा, त्याचे टोक स्टबच्या तोंडावर टेकवा, आणि हब दोन्ही हातांनी आत-बाहेर ओढा. आम्ही ०.०३ ते ०.१३ मिमी एवढा खेळ ठेवतो. डावीकडे पहिल्या खेपेला सुई हललीच नाही. आतला नट थोडा सोडून पुन्हा सगळे केले, तिसऱ्या वेळी ०.०६ आला. या नटावर संपूर्ण चाक उभे असते. तीन वेळा करायला लागले तर तीन वेळा करा. आकडा मिळाल्यावरच टॅब वाकवा, एक आतल्या नटावर आणि एक बाहेरच्या नटावर. एकदा वाकवलेला टॅब पुन्हा वापरू नका.

डिस्कचा डगमग त्याच डायलने बघून घ्या. ०.१३ मिमीच्या वर असेल तर हब आणि डिस्कच्या मध्ये गंज किंवा रंगाचा थर राहिलेला असतो. रिम चढवून हाताने पूर्ण फेरा द्या आणि कॅलिपरपासून किमान तीन मिमी अंतर आहे ना ते बघा. नटांना सुमारे १०० न्यूटन मीटर, आडवे-तिडवे.

फ्री व्हील हब बसवणे त्यामानाने सोपे आहे. त्याच्या आत ग्रीसचा पातळ हात पुरतो. ठासून भरला की डायल जड होतो आणि थंडीत अर्ध्यावर अडकतो. अर्धवट गुंतलेल्या हबवर जोर आला तर दाते झिजत नाहीत, तुटतात. एक गैरसमज दूर करायला हवा: हब फ्री केल्याने चाकाच्या बेअरिंगला विश्रांती मिळत नाही. ते तसेच फिरत राहते, थांबतो तो शाफ्ट. आणि शाफ्ट महिनोन् महिने थांबला तर जॉइंट आणि स्टबचा बुश कोरडे पडतात. महिन्यातून एकदा हब लॉक करून मातीच्या रस्त्यावर दहा-पंधरा किलोमीटर चालवा.

ब्रेकचा भाग इथे घेण्याचे कारण बेअरिंगच आहे. या गाड्यांत मास्टर सिलिंडर पायाखाली, फळीच्याही खाली असतो, म्हणजे कॅलिपरपेक्षा खालच्या पातळीवर. ड्रमच्या लाइनमध्ये साधारण १० पीएसआय दाब धरून ठेवणारा झडप असतो. तो डिस्कच्या लाइनवर तसाच राहिला तर पॅड डिस्कला घासत राहतात, डिस्क तापते, उष्णता हबमधून कपात उतरते आणि ग्रीस वितळून सीलमधून गळतो. झडप साफ काढून टाकला तर ऑईल उतरून मास्टरकडे परत येते आणि पहिला पेडल रिकामा जातो. पुढच्या लाइनला २ पीएसआयचा झडप हवा. नव्या बेअरिंगचे ग्रीस आठवड्यात बाहेर आले की लोक सील बदलतात, पुन्हा बदलतात. झडप कोणी बघत नाही.

पहिली फेरी पाच-सात किलोमीटरची, ब्रेक जवळपास न वापरता. उतरून दोन्ही हबांवर तळवा ठेवा. दोन्ही सारखे कोमट असतील तर ठीक. एक हात ठेवता येत नाही इतका गरम असेल तर एकतर ताण जास्त आहे किंवा कॅलिपर धरतो आहे. चाक उचलून फिरवले की कोणते ते लगेच कळते. मग ५० किलोमीटर, पुन्हा तळवा. ५०० किलोमीटरला फ्री व्हील हब काढून डायल गेजने खेळ मोजा. आमच्याकडे उजवीकडचा ०.०५ वरून ०.०८ झाला, डावीकडचा ०.०६ वरच राहिला. दोन्ही मर्यादेत, म्हणून नटाला हात लावला नाही. चाकभर पाण्यातून किंवा नदीच्या पात्रातून गाडी गेली असेल तर मात्र वेळापत्रक बाजूला ठेवा. त्याच आठवड्यात बाहेरचा कोन काढून बघा. ग्रीस दुधाळ दिसला तर सगळे धुऊन नव्याने भरा.

काढलेल्या दोन्ही ड्राइव्ह फ्लँज, त्यांचे बारा बोल्ट, चार गास्केट, एक बाहेरचा कोन-कप, दोन टॅब वॉशर आणि मोठ्या नटाचा बॉक्स पाना असा डबा हौद्यातल्या पेटीत ठेवला आहे. फ्री व्हील हब रानात तुटला तर त्याच सहा भोकांवर जुनी फ्लँज बसते आणि गाडी फोर व्हीलवर बाहेर येते. फक्त तुमच्या नव्या शाफ्टला त्या फ्लँजच्या स्प्लाइन जुळतात का, ते घरीच लावून बघा.